बूजु की बूदी? वेदगंगेकाठच्या 30 गुंठे कांद्याचं प्रकरण

कांद्याच्या पातीवर पिवळट डाग दिसला की आपल्याकडे पहिला शब्द तोंडात येतो तो 'करपा'. माझ्याही तोंडात तोच आला होता, म्हणून हे प्रकरण लिहिताना माझी चूक आधी सांगतो. 4 जानेवारीला दुपारी एकच्या सुमारास एका शेतकऱ्याने मोबाईलवर पातीचा फोटो पाठवला. मी जेवत होतो. "करपा वाटतोय, जवळून बघायला पाहिजे," एवढं लिहिलं आणि विसरलो. पुढच्या बारा दिवसांत त्या रानात जे झालं, त्यात या एका ओळीचाही वाटा आहे.

रान निपाणी तालुक्यातलं, वेदगंगेच्या काठचं. मळीची जमीन, काळी, पाणी धरून ठेवणारी. शेतकऱ्याला सगळे तात्या म्हणतात, मीही तेच म्हणतो. तीन बाजूंना ऊस, चौथ्या बाजूला नदीकडचा बांध आणि त्यावर बाभळी. मधल्या खोलगट तुकड्यात 30 गुंठे उन्हाळी गावरान कांदा. रोपं घरचीच, लागण नोव्हेंबरच्या मध्यावर झालेली. पाणी तुषार संचाने. थ्री-फेज वीज बहुतेक रात्रीच मिळायची, त्यामुळे नोझल रात्री दहाला सुरू व्हायचे ते पहाटेपर्यंत. डिसेंबरअखेर युरियाचा दुसरा हप्ता पडलेला, पात गुडघ्याच्या वर, काळीभोर. तात्यांच्या शब्दांत, "नजर लागंल असा कांदा."

आणखी एक गोष्ट त्या रानात होती, जिच्याकडे सुरुवातीला कुणाचंच लक्ष गेलं नाही. नदीकडच्या बांधालगत दोन वाफ्यांत बियाण्यासाठी कांदे लावलेले होते. बाजारातून निवडून आणलेले मोठे, गोल कांदे, ऑक्टोबरात लावलेले. जानेवारीत त्यांचे डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, कमरेएवढे उंच झाले होते आणि त्यातले काही मधूनच वाकून मोडले होते. गड्याला वाटलं कुत्री खेळली. तात्यांना वाटलं वारा. ऊस तिन्ही बाजूंनी उभा असताना वारा आत येणार कुठून, हा प्रश्न नंतर पडला.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात धुई सुरू झाली. सलग पाच-सहा दिवस सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत समोरचा माणूस दिसत नव्हता. दिवसही ढगाळ, दुपारीसुद्धा अंगात स्वेटर. 3 जानेवारीला तात्यांना जुन्या, बाहेरच्या पातींवर फिकट, लांबट डाग दिसले. मीठ सांडून रंग उडावा तसे. दुसऱ्या दिवशी मला फोटो आला.

5 तारखेला गोकाकच्या बाजूचा एक भाजी व्यापारी रानात आला. वांग्याचा सौदा करायला आला होता, कांद्यात सहज शिरला. कन्नड बोलणारा माणूस. तात्यांना कन्नड कळतं, बोलायला मात्र अडखळतात. तो पात हातात घेऊन म्हणाला, "बूजु बंदैती, तात्या." बूजु म्हणजे बुरशी, बुरा. कन्नडमध्ये केवड्याला, म्हणजे द्राक्षवाले ज्याला डावणी म्हणतात त्याला, बूजु तुप्पट रोग म्हणतात. व्यापाऱ्याचं निदान बरोबर होतं. कदाचित सकाळी आल्यामुळे त्याला पातीवरचा बुरा दिसलाही असेल.

तात्यांनी ऐकलं 'बूदी'.

बूदी म्हणजे राख. बूदी रोग म्हणजे आपली भुरी, पानावर पांढरी पूड धरणारा रोग. सीमाभागात हे असंच चालतं: शब्द कन्नडमध्ये कानावर पडतो, डोक्यात मराठी होतो आणि दुकानात जाऊन तिसऱ्याच रूपात बाहेर येतो. एरवी यात काही बिघडत नाही. उळ्ळागड्डी म्हणा नाहीतर कांदा म्हणा, वजन तेवढंच भरतं. पण भुरी आणि केवडा यांच्या औषधांत जमीनअस्मानाचा फरक आहे. त्यात मराठीनेही घोळ करून ठेवलाय. पुस्तकी मराठीत केवड्याला 'तंतूभुरी' असंही म्हणतात. भुरी आणि तंतूभुरी! नाव ठेवणाऱ्याने कधी खताच्या दुकानातल्या काउंटरवर उभं राहून बघायला हवं होतं.

6 तारखेला तात्या दुकानात गेले आणि म्हणाले, "भुरीचं औषध द्या." दुकानदाराने गंधक दिलं, पाण्यात मिसळणारी पावडर. मागितलं तेच दिलं, त्याचा काय दोष? तात्यांनी त्याच दिवशी पंप मारला. चार दिवसांत डाग दुप्पट. मग त्यांना माझी ओळ आठवली: करपा वाटतोय. 11 तारखेला करप्यावरचं हेक्झाकोनॅझोल मारलं. तेही निष्फळ.

का निष्फळ, हे जरा सविस्तर सांगतो, कारण सगळा पेच इथेच आहे. केवडा आणणारा जीव, पेरोनोस्पोरा डिस्ट्रक्टर, दिसायला बुरशीसारखा असला तरी खऱ्या बुरशीच्या घराण्यातला नाही. बटाट्याचा उशिरा येणारा करपा, द्राक्षाची डावणी आणि हा, तिघेही पाणबुरशीच्या गोतावळ्यातले. त्यांच्या पेशीभिंतीत बुरशीसारखं कायटिन मुख्य नसतं, सेल्युलोज असतं. हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, डायफेनकोनॅझोल ही सगळी मंडळी बुरशीच्या अंगातला अर्गोस्टेरॉल नावाचा घटक तयार होऊ देत नाहीत. केवड्याचा जीव तो घटक बनवतच नाही. म्हणजे ज्या घरात चूलच नाही, तिथला गॅस बंद करण्यासारखं. कार्बेन्डाझिमही यावर चालत नाही. गंधक भुरीवर नंबर एक, केवड्यावर शून्य. तात्यांनी पैसे घातले, पाणी घातलं, मजुरी घातली आणि केवड्याला त्यातलं काहीच लागलं नाही. उलट पाती दोनदा ओल्या मात्र झाल्या.

या दहा दिवसांचं मोल कसं मोजायचं? केवड्याचा बीजाणू ओल्या पातीवर पडला, की आत शिरून पुन्हा बाहेर बुरा धरेपर्यंत साधारण 9 ते 16 दिवस लागतात. 6 ते 16 जानेवारी म्हणजे त्याची एक पिढी. पहिल्या पिढीत बांधाकडचे दोन-तीन वाफे होते. दुसऱ्या पिढीत जवळपास तिसरा हिस्सा रान.

14 तारखेला संक्रांत. तात्यांचा मेव्हणा अथणीकडून बहिणीला भेटायला आला आणि मुक्कामी राहिला. त्याची तिकडे द्राक्षबाग आहे. 15 तारखेला सकाळी सातला तो हातात तांब्या घेऊन बांधावर गेला आणि परत येताना हातात पात घेऊन आला. पातीवर करड्या-जांभळट रंगाची मऊ लव होती. कांबळ्याच्या काळ्या पट्टीवर बोट पुसून त्याने दाखवलं.

"दाजी, ही भुरी न्हवं. ही डावणी हाय."

"कांद्याला कुठली डावणी? ती द्राक्षाला येती."

"मग ह्यो काय माझ्या बागंतनं चालत आलाय का? बघा की."

चालत आला नव्हताच. द्राक्षाची डावणी कांद्याला होत नाही आणि कांद्याची द्राक्षाला; प्रत्येकाचा जीव वेगळा. पण घराणं एक आणि सकाळचं रूप एक, त्यामुळे द्राक्षवाल्याची नजर चुकली नाही. द्राक्षाच्या डावणीवरचं बोर्डो मिश्रण फ्रान्समध्ये 1885 च्या सुमारास पुढे आलं; द्राक्ष पिकवणारी माणसं तेव्हापासून या लवेकडे बघत आली आहेत. कांदेवाल्यांना ती सवय नाही, कारण आपल्या भागात हा रोग दरवर्षी येत नाही. दुपारचं तापमान 24-25 अंशांच्या वर गेलं की त्या रात्री बीजाणू नीट धरत नाहीत, आणि आपली जानेवारीची दुपार एरवी त्याहून गरमच असते. तोच आपला बचाव. त्या पंधरवड्यात ढगांनी तो बचाव काढून घेतला होता. रात्रीचा गारवा, पातीवर रात्रभर पाणी आणि भोवती उसाची भिंत हे तर आधीपासूनच होतं.

मेव्हण्याने मला फोन लावला. 16 तारखेला सकाळी साडेसहाला मी रानात होतो. या वेळी जेवण वगैरे काही नाही.

जे दिसलं ते असं. बांधालगतच्या बियाण्याच्या वाफ्यात डेंगळे एका बाजूने फिकट पडलेले, त्याच बाजूला लव आणि तिथेच मोडलेले. काही मातृकांद्यांची, म्हणजे बियाण्यासाठी लावलेल्या कांद्यांची, सगळीच पात पिवळट, खुरटी, वळलेली. म्हणजे रोग बाहेरून पडलेला नव्हता, कांद्याच्या पोटातूनच वर आला होता. तिथून आत जाल तसा रोग पंख्यासारखा पसरलेला: जवळ दाट, लांब विरळ. उसाच्या सावलीतल्या सऱ्या सगळ्यात वाईट. पात डागाच्या जागी दुमडून लोंबत होती. जुन्या डागांवर मात्र काळपट-जांभळी छटा चढलेली होती आणि हीच दुसरी फसगत. केवड्याने मेलेल्या पातीवर तपकिरी आणि जांभळ्या करप्याच्या बुरश्या मागाहून येऊन बसतात. दुपारी कुणी बघितलं तर त्याला फक्त काळा डाग दिसतो आणि तो करपाच म्हणणार. तात्यांनी मला पाठवलेला फोटोही दुपारचाच होता, त्यात लव नव्हती. दहा-अकरानंतर दव सुकतं, लव वाऱ्यावर उडते, पुरावा जातो.

जांभळ्या करप्याचा डाग वेगळा असतो: मधे जांभळट, कडेला पिवळी झालर, आत गोल-गोल रेघा. पात पिळासारखी वळली आणि मान लांबली तर तो पीळ रोग, तो पावसाळी कांद्यात. फुलकिड्यांची खूण म्हणजे चंदेरी ओरखडे. ते इथे होते, पण थोडेच. खात्री म्हणून नवे फिकट डाग असलेल्या सहा पाती ओल्या कागदासकट डब्यात बंद केल्या आणि डबा घरी नेऊन रात्रभर गार, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवला. सकाळी पाचांवर लव होती. ही चाचणी कुणीही करू शकतं. डबा भाकरीचा चालतो, फक्त नंतर बायकोला सांगायचं नाही. ज्यांना अधिक खात्री हवी त्यांच्यासाठी अरभावीचं बागायत महाविद्यालय फार लांब नाही, पण तिथेही पात सकाळची आणि ताजी न्यावी.

पण निकालाची वाट बघत बसलो नाही. त्याच दिवशी कामाला लागलो. औषधाच्या आधी पाणी. तुषार संच बंद, पुढचं पाणी पाटाने आणि तेही दिवसा. तात्यांचं म्हणणं, "दिवसा लाईट कुठाय?" ते खरंच होतं. शेवटी शेजाऱ्याच्या डिझेल इंजिनावर दोन पाळ्या काढल्या. एरवी हा खर्च कुणी केला नसता, पण रात्री पात ओली ठेवून औषध मारणं म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणं. नंतर बियाण्याचे दोन्ही वाफे मुळासकट उपटून, पोत्यात घालून, रानाबाहेर खड्ड्यात पुरले. तात्यांना हे सगळ्यात जड गेलं. डेंगळ्यांना गोंडे धरायला लागले होते. तिसरं, युरिया बंद.

फवारणी दुपारी, दव पूर्ण वाळल्यावर. पहिल्या वेळी मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेब यांचं तयार मिश्रण, लिटरला 2 ग्रॅम, सोबत स्टिकर. कांद्याची पात मेणचट आणि उभी असते. स्टिकर नसेल तर थेंब घसरून सरीत जातो. दहा दिवसांनी, 26 तारखेला, नुसतं मॅन्कोझेब, लिटरला 2.5 ग्रॅम. मेटॅलॅक्झिल दुसऱ्यांदा मुद्दाम टाळलं. ते पातीत शिरून काम करतं, पण एकाच नेमक्या जागी घाव घालतं, म्हणून लागोपाठ वापरलं की रोगाला त्याची सवय होते. द्राक्षवाल्यांनी हे महाग धडे घेतले आहेत. मेव्हणा तर म्हणत होता की त्याच्या बागेतलं उरलेलं एक भारी औषध आणून मारू. मी नको म्हटलं. पुड्यावर कांद्याचं नाव आहे का, काढणीआधी किती दिवस थांबायचं, हे न बघता दुसऱ्या पिकाचं औषध आणणं मला पटत नाही. पुड्यातल्या घडीपत्रिकेत बारीक अक्षरांत हे सगळं असतं, कन्नडमध्येही असतं. तात्यांची नात निपाणीत कन्नड माध्यमात शिकते, तिने वाचून दाखवलं. घरात सगळ्यात उपयोगी माणूस त्या दिवशी तीच ठरली.

आता गुण कशाला द्यायचा? इथे मला जपून बोलावं लागेल. 16 जानेवारीनंतर आठवडाभर रोग तसाच पसरत राहिला, कारण आधी शिरलेलं बाहेर यायचं होतं. तात्या दोनदा फोनवर चिडले, "तुमचंबी औषध गंधकासारखंच दिसतंय." मग नवे डाग कमी झाले. जानेवारीच्या शेवटी पश्चिमेकडच्या उसाला कारखान्याची तोड आली, रान मोकळं झालं, वारा आणि सकाळचं ऊन आत आलं. फेब्रुवारीत दुपारी अंग भाजायला लागलं आणि केवडा जागच्या जागी थांबला. म्हणजे औषध, पाणी, ऊसतोड, ऊन, सगळे एकाच पंधरवड्यात आले.

तुलनेला एक गोष्ट नकळत हाती लागली. पहिल्या फवारणीत शेवटचा पंप कमी पडला आणि विहिरीकडच्या चार सऱ्या कोरड्या राहिल्या. गड्याने हे लपवलं, मला दहा दिवसांनी कळलं. त्या चार सऱ्यांत 26 तारखेला नव्या पातींवरही डाग होते. शेजारच्या फवारलेल्या सऱ्यांत मधल्या दोन-तीन पाती स्वच्छ होत्या. ऊन-वारा दोन्हीकडे सारखाच होता. एवढ्यावरून मी म्हणेन की औषधाने मधली पात वाचवली, आणि कांदा फुगायच्या काळात तीच पात पोसते. बाकीचं काम हवामानाने केलं. हेच औषध 6 तारखेला पडलं असतं तर बाहेरच्या पातीही बऱ्याचशा राहिल्या असत्या.

काढणी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. मागल्या वर्षी याच 30 गुंठ्यांत 50 किलोची 130 पोती भरली होती, या वर्षी 84. त्यातही गोल्टी आणि चिंगळी, म्हणजे बारीक कांदा, जास्त. बांधाकडच्या बाजूला जाड मानेचे कांदे बरेच निघाले. पात अवेळी गेली की मान नीट वाळून मिटत नाही आणि असा कांदा चाळीत टिकत नाही. म्हणून तात्यांना साठवू नका म्हटलं. त्यांनी महिनाभरात कोल्हापूर आणि बेळगाव अशा दोन बाजारांत माल घातला, भाव बेताचा मिळाला. सकाळ उजाडताच कुणीतरी एकदा पात उलटून बघितली असती तर यातली किती पोती वाचली असती याचा हिशोब तात्यांनी माझ्यासमोर बोटांवर केला, मी गप्प बसलो.

त्या रानात आता तीन-चार वर्षं कांदा नाही आणि लसूणही नाही. या रोगाचे जाड कवचाचे बीजाणू पाल्यापाचोळ्यातून मातीत उतरतात आणि काही वर्षं तग धरतात. तात्यांना यात अडचण नव्हती. तिथे ऊस लावायचा विचार होताच. पुढचा कांदा वरच्या माळावर, जिथे वारा खेळता आहे आणि ठिबक टाकता येईल. वहीत त्यांनी बूजु आणि बूदी हे दोन शब्द शेजारी-शेजारी लिहून घेतलेत, नातीकडून कन्नडमध्येही. समोर औषधांची नावं.

मे महिन्यात मी सहज गेलो होतो. चहा झाल्यावर चाळीकडे चक्कर मारली तर कोपऱ्यात पोत्याखाली एक बुट्टी झाकून ठेवलेली. आत चाळीस-पन्नास कांदे, एकसारखे, लालसर, बारीक मानेचे.

"तात्या, हे काय?"

"काय न्हाय. बियाला. बांधाकडचं न्हाईत हे, मधल्या सरीतलं हायत. बघा की दिसत्यात किती चांगलं."

दिसत होते खरे. केवडा पोटात घेतलेला कांदाही बाहेरून असाच दिसतो. कधी लवकर मोड येतो, कधी मऊ पडतो, कधी काहीच नाही. ऑक्टोबरात लावला की मग पात सांगते. बाजारातून आणलेले ते मातृकांदेही असेच मोठे, गोल होते, हे मी त्यांना सांगितलं. ते बराच वेळ एक कांदा हातात फिरवत बसले.

"आणि खाल्ला तर?"

"खायला काही होत नाही. तो रोग पातीचा, माणसाचा नाही."

त्यांनी घरात हाक मारून पिशवी मागवली, बुट्टीतले दहा-बारा कांदे माझ्यासाठी तीत टाकले आणि उरलेली बुट्टी सुनेकडे दिली. "ह्ये आता घरातच वापरा," म्हणाले, "बियाचं मागनं बघू."